७३० म्हणजे ७३०

हदगाव, १ जून २०२५

चिरंजीवास,

काल तुमच्या ओट्यावर मी गप्प बसलो, कारण तुझे वडील शेजारी होते. बापासमोर लेकाचा पाणउतारा करायची माझी रीत नाही. म्हणून लिहून देतोय. एकट्यानं वाच. वाचून झाल्यावर 'गुरुजींचं आता वय झालं' म्हणत घडी घालून खिशात कोंबू नकोस. वय माझं झालंय, बेरीज-वजाबाकीचं नाही.

काय म्हणालास तू काल? "कॅनडाचं कार्ड जानेवारी २०२७ पर्यंत चालतंय. दीड वर्ष काही टेन्शन नाही." बसलेल्या मंडळींनी माना डोलावल्या. त्यांचं सोड, त्यांना त्यातलं काय ठाऊक! पण तू इंजिनिअर, तू तिथला कायम रहिवासी, तू तिथल्या सरकारच्या कागदांवर सह्या करून आलेला. दहावीला गणित शिकवताना बघायचो, प्रश्न पुरता न वाचताच उत्तर ठोकून द्यायची तुझी खोड होती. पस्तिशी आली तरी ती काही गेली नाही.

कार्ड हा विमानात चढताना दाखवायचा कागद आहे. त्याची मुदत संपली म्हणून दर्जा बुडत नाही, आणि मुदत बाकी आहे म्हणून तो तरतही नाही. तो तरतो दिवसांवर. कॅनडाचा आजचा स्थलांतर कायदा २८ जून २००२ पासून लागू आहे. त्याचं २८ वं कलम एकदा डोळ्यांखालून घाल. कायम रहिवाशानं दर पाच वर्षांच्या मुदतीत किमान ७३० दिवस त्या देशात काढले पाहिजेत. सलग काढ, तुकड्यातुकड्यानं काढ, त्यांचं काही म्हणणं नाही. विमान रात्री साडेअकराला उतरलं तरी तो दिवस तुझ्या खात्यात, पहाटे उडालं तरी तोही तुझ्याच खात्यात. इतक्या सढळ हातानं मी कधी कुणाला गुण दिले नाहीत. त्याआधीचा १९७६ चा कायदा बारा महिन्यांत १८३ दिवसांहून जास्त बाहेर राहिलेल्या माणसानं देश सोडायचंच ठरवलंय असं धरून चालायचा, आणि तसं नाही हे पटवून द्यायची जबाबदारी त्या माणसाच्याच डोक्यावर असायची. तुझ्या वाट्याला सैल कायदा आला, तर तोही तुला पाळता येईना.

चहा पिताना मी तुझा पासपोर्ट चाळत होतो, तेव्हा तुला वाटलं गुरुजी फोटो बघतायत. मी हैदराबादचे शिक्के बघत होतो. कॅनडातून निघताना शिक्का बसत नाही, पण आपल्या विमानतळावर जाता-येता दोन्ही वेळा बसतो. त्यावरून आणि तू बोलता बोलता सांगितलेल्या तारखांवरून हिशोब मांडलाय. चुकला असेल तर खोडून दाखव.

४ नोव्हेंबर २०२१ ला तू टोरांटोत उतरलास. कोरोनात बंद पडलेली थेट विमानं २७ सप्टेंबरला सुरू झाली आणि महिना-सव्वा महिन्यात तू निघालास. केवढी घाई होती तेव्हा! १५ मार्च २०२२ ला परत फिरलास. नोव्हेंबरचे २७, डिसेंबरचे ३१, जानेवारीचे ३१, फेब्रुवारीचे २८, मार्चचे १५, झाले १३२. दुसरी खेप १ जून ते २८ सप्टेंबर २०२३, म्हणजे १२० दिवस. तिसरी १० मे ते ३१ जुलै २०२४, म्हणजे ८३. एकूण ३३५. हवेत ७३०. तूट ३९५ दिवसांची.

तुझी पहिली पाच वर्षं ३ नोव्हेंबर २०२६ ला भरतात. आजचा दिवस धरून तिथवर ५२१ दिवस आहेत. त्यातून ३९५ वजा कर. हातात राहिले १२६. तू चारचौघांत ज्याला दीड वर्ष म्हणतोस, ते हे एवढं आहे. चार महिने आणि वर चार दिवस.

ते कुठवर पुरतात तेही ऐक. आजपासून इथंच बसून राहिलास तर ४ ऑक्टोबरला संपतात. यंदा दसरा २ ऑक्टोबरला आहे. सोनं वाटायचं आणि त्याच रात्री हैदराबादची गाडी धरायची. ५ तारखेला पाय तिथल्या जमिनीवर टेकले पाहिजेत. त्यापुढं दिवाळी नाही, हळदीची काढणी नाही, पाडवा नाही, पुढच्या वर्षीचा पोळाही नाही. सख्ख्या मेहुण्याचं लग्न निघालं तरी यायचं नाही. आणि पाच वर्षं भरेपर्यंत तुला कुणी विचारणार नाही, या भ्रमात राहू नकोस. मुदत पुरी व्हायच्या आधी तू दारात उभा राहिलास तर अधिकारी हीच वजाबाकी करतो: उरलेल्या दिवसांत याचे ७३० भरू शकतात का? भरत नसतील तर बाकीचं बोलणं वेगळ्या खोलीत होतं.

३ नोव्हेंबर २०२६ झाला की सुटलो, असंही समजू नकोस. ४ नोव्हेंबरपासून रोज त्या त्या दिवसापासून मागं पाच वर्षं बघतात. म्हणजे तुझ्या पहिल्या हिवाळ्यातले १३२ दिवस एकेक करून गळायला लागतात. जेमतेम ७३० भरून तू त्या दिवाळीला घरी आलास, तर इथला प्रत्येक दिवस तिथला एक दिवस खातो आणि तू पुन्हा खड्ड्यात. ती गळती १५ मार्च २०२७ ला थांबते. तोवर तिथून हलता येणार नाही. शिवाय हा हिशोब एकट्या तुझा झाला. सूनबाईंचा वेगळा मांडायचा, नातीचा वेगळा. दर्जा घरटी मिळत नाही, माणसागणिक मिळतो आणि माणसागणिक जातो. ती सहा वर्षांची पोर. तिनं कुठं राहायचं हे तिला कुणी विचारलं होतं का? तिचे दिवस तू बुडवतोयस.

आता तुझी कारणं. काल एकामागून एक सांगत होतास आणि मी ऐकत होतो.

पहिलं कारण वडिलांच्या ऑपरेशनचं. ते खरं आहे, त्याबद्दल मी एक शब्द बोलणार नाही. एप्रिल २०२२ मध्ये नांदेडला ऑपरेशन झालं, तू उशाशी होतास, लेकानं असंच असावं. पण त्याच श्रावणात ते स्वतः मोटारसायकलवर टांग टाकून कॅनॉलकडच्या शेतात जात होते. मी या डोळ्यांनी बघितलंय. तू परत गेलास जून २०२३ मध्ये. मधले दहा महिने कुठल्या ऑपरेशनचे? धाकटा भाऊ इथं आहे, शेती तोच बघतो, त्याची बायको दोन्ही वेळा गरम भाकरी वाढते.

दुसरं कारण तू 'घरगुती अडचण' म्हणून सांगितलंस. नागपूर रस्त्यालगतच्या प्लॉटिंगचा इसार द्यायचा होता, ही ती घरगुती अडचण. गणपती बुडवले त्या दिवशी टोरांटोतून निघालास आणि पुढं साडेसात महिने सातबारा, मोजणी अन् भागीदारांची भांडणं यांतच राहिलास. तिसऱ्या खेपेनंतर परतल्याचं कारण तर सांगताना तुझीच नजर खाली गेली. २० नोव्हेंबर २०२४ ला विधानसभेचं मतदान होतं. त्याआधी तुझी गाडी तामसा, निवघा, मनाठा करत रात्री-बेरात्री धुरळा उडवत फिरत होती. निकाल लागला, गुलाल उधळला, तुझं काम संपलं. तेव्हा का नाही गेलास? त्याला सहा महिने उलटले.

माणुसकीच्या कारणावरून सवलत देण्याची सोय त्या कायद्यात आहे. तेवढं तू बरोबर ऐकलंस. पण ती मागणाऱ्याला काय काय विचारतात ते ऐकलं नाहीस. किती दिवस कमी पडले? का निघालास? इतके दिवस का थांबलास? परत जायची पहिली संधी आली तेव्हा गेलास का? म्हाताऱ्याकडं बघायला दुसरं कुणीच नव्हतं का? तिथं तुझं काय आहे, घर, नोकरी, जिवाभावाची माणसं? दर्जा गेला तर तुझ्या लेकराचं काय होईल? यातल्या एका प्रश्नाला तुझ्याकडं धड उत्तर आहे का, सांग. ऑपरेशनची कागदपत्रं जपून ठेव, तेवढ्या चार-पाच महिन्यांपुरती ती तुझ्या बाजूनं बोलतील. बाकीच्या महिन्यांना प्लॉटिंगची पावती जोडणार आहेस का?

आणि अपिलाच्या भरवशावर राहू नकोस. तिथल्या विमानतळावर अधिकाऱ्यानं अहवाल लिहिला आणि देश सोडायचा हुकूम झाला, तर अपिलाला ३० दिवस. परदेशातल्या कचेरीनं तू अट मोडल्याचं ठरवलं तर ६० दिवस. शेवटचा निकाल लागेपर्यंत दर्जा शाबूत राहतो, हे खरं. पण अहवाल लिहिला की त्यानंतरचे दिवस ७३० मध्ये धरत नाहीत. 'पकडल्यावर भरून काढू' ही वाट कायदा करणाऱ्यानं आधीच बुजवून ठेवलीय.

आता तुझ्या त्या एजंटाकडं येतो. त्याचं नाव मला ऐकायचं नाही, त्याची अक्कल कालच ऐकली. तो म्हणतो, बाहेर जाताना शिक्का नसतो, मग अर्जात वाटेल ते दिवस लिहा. त्याला सांग, तुझी बातमी शिळी आहे. जमिनीच्या सीमेवरून बाहेर पडणाऱ्यांची नोंद कॅनडा २०१९ पासून ठेवतो, आणि २०२० पासून विमानानं देश सोडणाऱ्यांची यादी विमान कंपन्यांकडून घेतो. तू तिसऱ्यांदा कधी निघालास हे तुझ्या बायकोला आठवणार नाही, त्यांच्या संगणकाला आठवतं.

त्याची दुसरी शक्कल म्हणजे ब्रॅम्प्टनच्या कुण्या ओळखीच्या कंपनीचं पत्र आणायचं, की आम्ही याला भारतात कामाला नेमलंय. कॅनडाच्या कंपनीनं पूर्ण वेळ नोकर म्हणून परदेशात पाठवलं असेल तर ते दिवस धरतात, ही सवलत खरी आहे. पण कंपनीचा तिथं चालता धंदा हवा, नेमणूक खरी हवी, आणि निव्वळ दिवस भरायला थाटलेलं दुकान चालत नाही, असं नियमातच लिहून ठेवलंय. तुझी कंपनी हदगावात काय विकते? सोयाबीनचं बियाणं? कॅनडाच्या नागरिक असलेल्या नवऱ्याबरोबर वा बायकोबरोबर परदेशात राहिलेले दिवसही धरतात, पण तुमच्या घरात नागरिक कोण आहे? तू नाहीस, सूनबाई नाही. सवलत वाचायची ती तिच्या अटींसकट वाचावी.

तिसरी शक्कल त्यानं दबक्या आवाजात सांगितली असणार, कारण तूही ती दबक्याच आवाजात सांगितलीस. तिथल्या कुणाच्या तरी पत्त्यावर भाडेकरार दाखवायचा, कार्ड तिथल्या दुकानात घासायला द्यायचं, पासपोर्टवरचे शिक्केसुद्धा 'बघता येतील'. व्हँकुव्हरजवळच्या रिचमंडमध्ये शुन 'सनी' वांग नावाचा असाच एक बिनपरवान्याचा सल्लागार होता. गिऱ्हाइकांच्या पासपोर्टांत खोटे शिक्के मारून द्यायचा, खोटे पत्ते, खोट्या नोकऱ्या उभ्या करायचा, म्हणजे दिवस भरल्यासारखे दिसावेत. ऑक्टोबर २०१५ मध्ये त्याला सात वर्षांची शिक्षा झाली. तो गेला तुरुंगात, आणि मग सरकार त्याच्या गिऱ्हाइकांच्या मागं लागलं. एकेकाची फाईल उघडली. खोटी माहिती दिली असं ठरलं की दर्जा जातो आणि वर पाच वर्षं त्या देशाचं दार बंद. दिवस कमी भरले हा कामचुकारपणा. शिक्का खोटा मारला ही लबाडी. पहिल्याला दया मिळू शकते. दुसऱ्याला मीसुद्धा दाखवणार नाही.

तुमच्या शेतावर सालगडी आहे. पाडव्याला त्याचं साल ठरलं तेव्हा तू तिथं हजर होतास. तो पोरीच्या दवाखान्यासाठी चार दिवस आला नाही, तर तूच भिंतीवरच्या कॅलेंडरवर चार फुल्या मारल्यास आणि म्हणालास, खाडे भरून द्यावे लागतील. गरिबाच्या खाड्यांचा एवढा चोख हिशोब ठेवणारा माणूस स्वतःच्या खाड्यांना 'काही टेन्शन नाही' म्हणतो, तेव्हा मला त्याची चीड येते.

आणि काल तावातावानं काय बोललास? "दिवस कसले मोजतात? आम्ही काय कैदी आहोत?" इतिहासाच्या तासाला तू खिडकीबाहेर बघत असायचास, म्हणून आज पुन्हा शिकवतो. तुझे पणजोबा निजामाच्या राज्यात राहिले. हदगाव तेव्हा हैदराबाद संस्थानात होतं. १९१९ मध्ये तिथं मुलकी नियम झाले. बाहेरून आलेल्याला मुलकी म्हणवून घ्यायचं असेल, संस्थानात नोकरी हवी असेल, तर १५ वर्षांचं कायम वास्तव्य दाखवावं लागे. शिवाय जुन्या गावी परत जायचा विचार सोडून दिलाय, असं मॅजिस्ट्रेटसमोर प्रतिज्ञापत्र करून द्यावं लागे. १७ सप्टेंबर १९४८ ला संस्थान मुक्त झालं, तरी मुलकीचा प्रश्न मिटला नाही. १९५२ मध्ये त्यावरून हैदराबादेत विद्यार्थी रस्त्यावर आले, गोळीबार झाला. १९५६ मध्ये आपण मुंबई राज्यात आलो, पुढं महाराष्ट्र झाला, आणि आज? पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या कुठल्याही पोराला विचार. अधिवास प्रमाणपत्रासाठी १५ वर्षांच्या वास्तव्याचे पुरावे गोळा करत तहसीलच्या पायऱ्या झिजवतो. शाळेचा दाखला, रेशन कार्ड, लाइटबिल. परप्रांतातला कुणी इथं नोकरी मागायला आला, तर 'हा किती वर्षं राहिला इथं?' असं पहिल्यांदा तूच विचारशील. आपण पंधरा वर्षं मागतो. कॅनडा पाचांतली दोन मागतो, पुन्हा ती तुकड्यांनी चालतात म्हणतो. तरी जुलूम त्यांचा?

एकट्या कॅनडावर खापर फोडू नकोस. अमेरिकेचं ग्रीन कार्ड घेतलेला सहा महिन्यांहून जास्त बाहेर राहिला की दारात चौकशी होते, आणि वर्षाहून जास्त राहायचं तर आधी परतीचा परवाना काढावा लागतो, तोही फार तर दोन वर्षांचा. ब्रिटनमध्ये कायम राहायची परवानगी मिळालेला सलग दोन वर्षांहून अधिक बाहेर राहिला की ती आपोआप संपते. ऑस्ट्रेलिया पाच वर्षांचा परतीचा व्हिसा देताना मागच्या पाचांतली दोन वर्षं तिथं काढलीस का, हेच बघतो. आपल्या भागातून दुबईला गेलेली पोरं तुझ्यापेक्षा शहाणी. साधा रहिवासी व्हिसा सहा महिने बाहेर राहिलं की बाद होतो, हे त्यांना पाठ असतं. आईच्या दहाव्यालाही ती परतीचं तिकीट खिशात ठेवून येतात. त्यांच्या बायोडाटावर 'कायम रहिवासी' असं मिरवायला काही नसतं, म्हणून त्यांचं भान जाग्यावर असतं.

"गेलं तर पुन्हा काढू," असंही म्हणालास. कशाच्या जोरावर? गुणांच्या यादीत वयाला पुरते गुण २९ पर्यंत मिळतात, तिथून दरवर्षी कमी होत ४५ ला शून्यावर येतात. तू उतारावर आहेस. आणि तो देशही आता हात आखडतोय. वर्षाला पाच लाख नवे कायम रहिवासी घ्यायचं बोलणारं सरकार ऑक्टोबर २०२४ मध्ये त्या आकड्यावरून खाली उतरलं: २०२५ साठी ३,९५,०००, २०२६ साठी ३,८०,०००, २०२७ साठी ३,६५,०००. तू जी जागा अडवून बसलायस, तिच्यासाठी तुझ्याहून तरुण पोरं रात्र रात्र इंग्रजीच्या परीक्षेचा अभ्यास करतायत. काही आपल्याच तालुक्यातली आहेत, माझ्याकडं शंका विचारायला येतात.

इथवर गणित झालं. आता ज्याच्यासाठी हा कागद लिहायला घेतला, ते सांगतो.

तुला तिथं राहायचं नाही. हे तुला ठाऊक आहे, सूनबाईंना ठाऊक आहे, मलाही काल कळलं. इथं तू साईटवर हुकूम सोडणारा इंजिनिअर, तिथं ब्रॅम्प्टनच्या गोदामात रात्रपाळीला खोकी उचललीस. बेसमेंटमधल्या खोलीत तिघांनी हिवाळा काढला. 'कॅनडातला अनुभव नाही' म्हणून दहा ठिकाणांहून नकार आला. त्यात लाजण्यासारखं काही नाही. कष्टाला मी कधी हसलो नाही, आणि जे हसतील त्यांना माझ्याकडं पाठव. पण तू ती गोष्ट झाकायला कार्ड वापरतोस. वाढदिवसाच्या फ्लेक्सवर नावाखाली 'कॅनडा' छापून घेतलंस. लग्नकार्यात 'हे आमचे कॅनडावाले' म्हणून पुढं बसवतात, ते तुला गोड लागतं. राहायचंही नाही आणि सोडायचंही नाही. गावाला कॅनडा दाखवायचा, कॅनडाला गाव दाखवायचं नाही. दोन्हीकडं तोंड लपवत फिरणाऱ्याला मी माझा विद्यार्थी म्हणत नाही.

राहायचं नसेल तर उघड सांग. दर्जा स्वखुशीनं सोडून देण्याचा रीतसर अर्ज असतो. तो भरला की विषय संपतो. डाग लागत नाही. पुढं मुलीला शिकायला किंवा तुम्हाला फिरायला जायचं असेल तर सरळ व्हिसा मागता येतो. सगळं खरं सांगून सोडलेल्या माणसाची फाईल स्वच्छ राहते. इथंच राहा, हळद कर, प्लॉट विक, निवडणुकीत उभा राहा हवं तर, पण 'मी परत आलो' हे चारचौघांत बोल. दोन दिवस लोक कुजबुजतील, तिसऱ्या दिवशी त्यांना सोयाबीनचा भाव आठवेल.

राहायचं असेल तर मात्र मन तिथं लाव. गोदामाची पाळी करत करत तिथला इंजिनिअरिंगचा परवाना कसा मिळतो ते शोध. तिथला रहिवासी म्हणून इथल्या उत्पन्नासकट कर भर, इथलं लपवून ठेवू नकोस. नेटानं राहिलास आणि पाच वर्षांत १,०९५ दिवस भरलेस, तर नागरिकत्वाचा अर्ज करता येतो. ते मिळालं की दिवसांची कटकट कायमची मिटली. पण त्याचीही किंमत आहे, ती आत्ताच ऐकून ठेव. भारत दुहेरी नागरिकत्व देत नाही. इथला पासपोर्ट जमा करावा लागेल. ओसीआय कार्ड मिळेल, पण त्यावर शेतजमीन विकत घेता येत नाही. वडिलांकडून वारसानं आलेली ठेवता येईल, शेजारची दोन एकर विकायला निघाली तर ती भावाच्या नावावर जाईल. हे चालत असेल तर जा. चालत नसेल तर आजच सांग. जमिनीचा लोभ आणि परदेशाचा मान हे दोन्ही एकाच सहीत मिळत नाहीत.

आता काम सांगतो. कानावरून वारं जाऊ देऊ नकोस.

एक कोरी वही घे. पहिल्या पानावर तुझ्या तारखा, दुसऱ्यावर सूनबाईंच्या, तिसऱ्यावर नातीच्या. गेल्याची तारीख, आल्याची तारीख, दिवस, आणि बाहेर राहिल्याचं कारण. कारणात 'घरगुती अडचण' लिहिलंस तर पान फाडीन. प्लॉटिंग असेल तर प्लॉटिंग लिही. विमानाची तिकिटं, बोर्डिंग पास, तिथले पगाराचे कागद, घरभाड्याच्या पावत्या, वडिलांच्या दवाखान्याची फाईल, सगळं एका पिशवीत घाल. त्या एजंटाला फोन करून तुझे कागद परत माग. सल्ला हवाच असेल तर तिथला परवाना असलेल्या वकिलाचा किंवा नोंदणीकृत सल्लागाराचा घे, आणि त्याच्यापासून काही लपवू नकोस.

मग सूनबाईंना समोर बसव. तुझं बोलून झाल्यावर त्यांचं ऐक. या सगळ्यात आजवर त्यांना कुणी विचारलेलं नाही, हे काल त्या चहा देऊन एक शब्द न बोलता आत गेल्या तेव्हाच माझ्या लक्षात आलं. दोघांनी मिळून ठरवा: जायचं की सोडायचं. जायचं ठरलं तर पेरणी उरकून जाऊ, पोळा करून जाऊ, महालक्ष्म्या बसवून जाऊ, असलं काही मला ऐकायचं नाही. हातातल्या १२६ दिवसांतला प्रत्येक दिवस इथल्या एखाद्या आजारपणासाठी, एखाद्या अंत्ययात्रेसाठी राखून ठेवायचा असतो. आई-वडील थकलेत. तो राखीव साठा तू नारळ फोडण्यात आणि फ्लेक्स लावण्यात उधळू नकोस. सोडायचं ठरलं तर तो अर्ज भरून पाठव आणि वडिलांना तू स्वतः सांग. त्यांना माझ्याकडून किंवा पारावरून कळता कामा नये.

आज रविवार. तुला पुढच्या रविवारपर्यंत, ८ तारखेपर्यंत वेळ देतो. संध्याकाळी पाचला वही आणि निर्णय घेऊन घरी ये. दोन्हींपैकी एक जरी नसेल तर येऊ नकोस.

तुझे गुरुजी